शंभर दिवसांचे परराष्ट्र धोरण आणि वीस किलोचा क्रेट

नव्या राष्ट्राध्यक्षाच्या परराष्ट्र धोरणाला गुण देण्याचे काम शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होते. वारूळवाडीही त्याला अपवाद नाही. वॉशिंग्टनमध्ये दुपारी बाराला शपथ होते तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि सकाळी टोमॅटोचा तोडा असतो, म्हणून पहिला निकाल चहाच्या वेळेपर्यंत लांबतो, इतकेच.

या कामासाठी गाव सोयीच्या जागी आहे. ते जुन्नर तालुक्यात, नारायणगावाला खेटून वसलेले. जवळच्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि देशाचे परदेशी फोन या शिवारावरून ये-जा करू लागले. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय राजकारण हा आपल्या हद्दीतला विषय आहे, असे चहाच्या टपरीवरच्या बाकाला वाटत आले आहे. पलीकडे खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची दुर्बीण अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकत असते. तिथली मंडळी निष्कर्ष काढायला वर्षे लावतात, त्यामुळे टपरीवर त्यांचे मत सहसा विचारले जात नाही.

मूल्यमापनाचा प्रमाणित कालावधी शंभर दिवसांचा. ही मोजपट्टी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासून आली. १९३३ च्या मार्चमध्ये सत्तेवर येताच त्यांनी कायद्यांचा धडाका लावला आणि जुलैमधल्या रेडिओ भाषणात शंभर दिवसांचा उल्लेख केला. ते कायदे बँका, शेती आणि बेकारी यांविषयी होते. परराष्ट्र धोरणातला त्यांचा मोठा निर्णय, सोव्हिएत संघाला मान्यता, नोव्हेंबरात झाला, म्हणजे परीक्षेचा पेपर गोळा करून झाल्यावर. शंभर दिवस हा शब्दप्रयोग त्याआधी नेपोलियनच्या १८१५ मधल्या पुनरागमनासाठी रूढ होता. त्या शंभर दिवसांत वॉटर्लू आले. मोजपट्टी निवडताना हे कोणी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

पद्धतीचे यश पाहायचे तर केनेडींचे उदाहरण घ्यावे. शंभर दिवस भरायच्या आत, १७ एप्रिल १९६१ रोजी, त्यांच्या पाठिंब्याने क्यूबावर झालेली स्वारी सपशेल फसली. त्यानंतरच्या पाहणीत त्यांची लोकप्रियता ८३ टक्क्यांवर गेली. धाकटे बुश नम्र परराष्ट्र धोरणाचे आश्वासन देऊन आले; आठव्या महिन्यात ११ सप्टेंबर उजाडला. निक्सन यांची सारी कारकीर्द कम्युनिस्टविरोधावर उभी होती. ते पेकिंगला गेले चौथ्या वर्षी.

घाईने दिलेल्या गुणांत उच्चांक मात्र ऑस्लोचा. ओबामांनी शपथ घेतली २० जानेवारी २००९ रोजी आणि नोबेल शांतता पुरस्काराच्या शिफारशींची मुदत संपली १ फेब्रुवारीला. पुरस्कार ऑक्टोबरात जाहीर झाला. मग १ डिसेंबरला ओबामांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याचा निर्णय सांगितला आणि १० डिसेंबरला ऑस्लोला जाऊन शांततेचे पदक स्वीकारले. दोन्ही कार्यक्रम वेळेवर पार पडले.

भारताच्या दृष्टीने या पद्धतीचा सर्वांत ताजा प्रयोग २०२५ चा. डोनाल्ड ट्रम्प यांची दुसरी कारकीर्द सुरू झाल्यावर महिना व्हायच्या आत पंतप्रधान मोदी वॉशिंग्टनला जाऊन आले आणि २०३० पर्यंत दोन देशांमधला व्यापार ५०० अब्ज डॉलरवर नेण्याचे ठरले. टपरीने पैकीच्या पैकी गुण दिले. २ एप्रिलला भारतावर २६ टक्के आयातशुल्क जाहीर झाले, गुण कापले. ९ एप्रिलला ते नव्वद दिवसांसाठी थांबले, गुण परत. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स सहकुटुंब ताजमहाल पाहून गेले, त्याचे वाढीव गुण मिळाले. २९ एप्रिलला शंभर दिवस भरले तेव्हा गुणपत्रिका अशी होती की भारताचे बरे चालले आहे. २७ ऑगस्टला, म्हणजे दोनशे विसाव्या दिवशी, भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्के झाले. त्यातले निम्मे रशियाचे तेल घेतल्याबद्दल होते. एप्रिलमधल्या गुणपत्रिका कोणी परत मागवल्या नाहीत.

वारूळवाडीच्या मालाला या आकड्यांचा थेट चटका कमी. टोमॅटो अमेरिकेला जात नाही. तरीही मूल्यमापनाचे एकक इथे वीस किलोचा क्रेट हेच आहे. नारायणगावच्या बाजारात क्रेटचा भाव पडला की कारण आधी व्यापाऱ्यात, मग दिल्लीत आणि शेवटी व्हाइट हाउसमध्ये शोधले जाते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरला एकक बदलते; तिथे कांद्याचा भाव दहा किलोवर बोलला जातो. परराष्ट्र धोरणाची व्याख्या दोन्हीकडे एकच: माल सीमेपलीकडे जाऊ देतात की नाही. या व्याख्येनुसार अलीकडचा सर्वांत कठोर परराष्ट्र निर्णय वॉशिंग्टनचा नव्हे, नवी दिल्लीचा. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती खुली व्हायला ४ मे २०२४ उजाडला, तोही चाळीस टक्के शुल्क लावून. त्यावर शंभर दिवस थांबून मत देण्याची सूचना कोणी केली नाही, कारण चाळीतला कांदा तेवढा थांबत नाही.

द्राक्षाचे प्रकरण अधिक किचकट आहे. जुन्नरची द्राक्षे युरोपला बोटीने जातात. नोव्हेंबर २०२३ पासून हुथी बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजे अडवू लागले, तशा बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला आणि कंटेनरचे भाडे चढले. ट्रम्प यांनी १५ मार्च २०२५ ला हुथींवर बाँबफेक सुरू केली. शंभर दिवसांच्या परीक्षेत ती चालूच असल्याने तिला शेरा मिळाला ‘कारवाई ठाम’. आठवडाभरात, ६ मे रोजी, ओमानच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला, शेरा ‘मुत्सद्दीपणा’. जुलैत हुथींनी पुन्हा दोन मालवाहू जहाजे बुडवली. तोवर परीक्षक दुसऱ्या विषयाकडे वळले होते आणि बोटी आफ्रिकेच्या वळशावरच होत्या.

बागायतदाराला यात नवे काही वाटू नये. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शंभराव्या दिवशी बागेत गेले तर काडी आणि पाने दिसतात. घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचा. त्या शंभराव्या दिवशी बागेला नापास करणाऱ्याला वारूळवाडीत वेड्यात काढतील. तोच बागायतदार टपरीवर येऊन अमेरिकेचा निकाल लावतो, कारण ती बाग त्याची नाही.

परीक्षकांमध्ये मात्र फरक करावा लागतो. वाहिनीवरचा तज्ज्ञ एप्रिलमध्ये एक सांगतो, ऑगस्टमध्ये त्याच्या उलट सांगतो, आणि दोन्ही वेळा आपण हे आधीच म्हटल्याची आठवण करून देतो. टपरीवरचा तज्ज्ञही उलटतो, पण त्याच्या खिशात बाजाराची हिशेबपट्टी असते. चुकीच्या अंदाजावर तोडा एक दिवस मागे ठेवला तर तोटा त्याच कागदावर, हमाली वजा होऊन, लिहिलेला मिळतो. एवढी किंमत मोजणारा राजकीय विश्लेषक दिल्लीत सापडणे अवघड. शिवाय टपरीची चर्चा मर्यादित असते; कोणाच्या तरी उसात काल रात्री बिबट्या दिसला असे कळले की युक्रेन, गाझा आणि आयातशुल्क एकदम तहकूब होतात.

दीर्घ मुदतीच्या मूल्यमापनाचे साहित्यही याच तालुक्यात आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांनी पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरचा हा परदेशी संबंध सुमारे दोन हजार वर्षांनंतरही दगडात वाचता येतो. त्या व्यवहारावर पहिल्या शंभर दिवसांत कोणी काय शेरा मारला होता, तो कोरून ठेवायची तसदी घेतलेली नाही.

कायद्याने घाई रोखण्याची सोय फक्त खालच्या पायरीवर आहे. महाराष्ट्रात थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही. गटार, पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती समजून घ्यायला तेवढा वेळ लागतो, हे विधिमंडळाला मान्य आहे. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला अण्वस्त्रे, नाटो आणि चीन समजून घ्यायला असे संरक्षण नाही; त्याच्या पक्षाला मध्यावधी निवडणुकीला तोंड द्यावे लागते. या खेपेला तिची तारीख ३ नोव्हेंबर २०२६ आहे, म्हणजे वारूळवाडीच्या सरपंचाच्या दोन वर्षांपेक्षा अडीच महिने कमी.