भाजणी आणि बेला तार

झाशीजवळच्या बबीना छावणीत बदलून आलेल्या मराठी घराला पुण्याचे नातेवाईक दोन गोष्टी हमखास पाठवतात: थालीपिठाची भाजणी आणि 'घरबसल्या बघाच' अशा जागतिक चित्रपटांची यादी. भाजणी संपते.

यादीत पहिला मान शांताल आकरमान यांच्या 'जान दिल्मन'चा (1975). 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने 2022 मध्ये समीक्षकांच्या कौलातून त्याला सर्वश्रेष्ठ ठरवलं. लांबी 3 तास 21 मिनिटं. त्यात नायिका निवांत बटाटे सोलते, भांडी घासते. क्वार्टरमधल्या वहिनी हेच रोज करतात, तेही फायरिंग रेंजच्या धडामधुडुममध्ये. त्यांना कोण कौल देणार? बेला तार यांच्या सात तासांच्या 'सातानतांगो'साठी तर साहेबांकडून रजाच मंजूर करून घ्यावी लागेल.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' मात्र यादीत नसतो. 2014 मध्ये व्हेनिसच्या 'ओरिझोन्ती' विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला होता, पण त्यात माणसं मराठी बोलतात. शिफारस करणाऱ्याचा भाव त्याने कसा वधारावा?

आणि यातलं तुम्ही काय पाहिलंत, असं पुण्याला उलट विचारायचं नसतं. तिकडे त्या वेळी 'हास्यजत्रा' चालू असते.