एकोणीस वर्षांचे वडीलधारे

जपानात दाराची बेल वाजत नाही. मुलाकडे तोक्योला, निशी-कासाईत तीन महिने राहायला गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बिघडलीय. डोंबिवलीत सकाळी सात ते दहा आमच्या बेलला उसंत नसते. इथे मात्र न कळवता कुणी कुणाकडे जात नाही. त्यामुळे जूनमधल्या एका मंगळवारी भर पावसात बेल वाजली तेव्हा मी जवळजवळ धावलोच. आधी भिंतीवरच्या पडद्यावर कोण आहे ते बघायचं, मग बोलायचं, ही मुलाची ताकीद विसरून सरळ दार उघडलं.

दारात दोघे. पांढरा सदरा, टाय, हातात सायकलचं हेल्मेट. पुढचा शेवग्याच्या शेंगेसारखा, कानामागून पाणी निथळतंय. मागचा टोंगा बेटांवरचा. तो एकटा उभा राहिला तरी जिन्यात अंधार व्हायचा. दार खरोखरच उघडलं याचा शेंगेला इतका धक्का बसला की पाठ केलेलं वाक्यच तो विसरला.

छातीवर काळी पट्टी, तीवर जपानी अक्षरं. काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, आधी माझं आडनाव आणि पुढे 'चोरो'. चोरो म्हणजे एल्डर. एल्डर म्हणजे वडीलधारे. वडीलधाऱ्यांचं वय एकोणीस, हनुवटीवर मुरूम. मी अडुसष्टचा. "मग तुला चोरोच म्हणू का?" असं मी विचारतोय तोवर आतून आवाज आला, "अहो, दारात आलेल्या पोराला चोर काय म्हणताय?"

कुठल्या पंथाचे, हे सांगायला त्याला पाऊण मिनिट लागलं. जग यांना मॉर्मन म्हणतं. पण 2018 साली त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, रसेल नेल्सन यांनी फर्मावलं की टोपणनाव नको, पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव जपानीत 'मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाइ'. बंद दारापलीकडच्या माणसाला ते इंटरकॉमवरून ऐकवायचं असतं. बहुतेक घरं 'सेइतो'पर्यंतच टिकतात. ऐकून घेणारे शेवटी अतिशय गोड आवाजात म्हणतात, "मा नि आत्ते इमासु", म्हणजे आमच्याकडे पुरेसं आहे. वर्तमानपत्राच्या एजंटालाही हेच सांगतात.

बायकोने आल्याचा चहा टाकला होता. चालत नाही म्हणाला. कॉफी? तीही नाही. 1833 साली त्यांच्या संस्थापकाला, जोसेफ स्मिथला दृष्टान्त झाला, त्याला धरून दारू, तंबाखू, चहा, कॉफी बंद. हिरवा चहासुद्धा. आणि अशा मुलाला पाठवला कुठे, तर जपानात, जिथे हिरव्या चहाला नाही म्हणणं म्हणजे हळदीकुंकवाला जाऊन कुंकू नको म्हणणं. सातू भाजून केलेला 'मुगिचा' चालतो, त्याच्यावरच तो तगून होता.

"मग हा जगतो कशावर?" असं म्हणत बायकोने कोकमाचं आगळ काढलं. लालभडक पेला पुढे आल्यावर पोराने टोंगाकराकडे पाहिलं, टोंगाकराने पेल्याकडे. हळूच वास घेतला. दारू नाही ना, याची मला दोनदा शपथ घ्यावी लागली. मग तीन पेले.

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. यांनाही पंथातली कुटुंबं अधूनमधून जेवायला बोलावतात. आम्ही पंथातले नाही, तरी मंगळवार आमचा झाला. मला 'काका' म्हणायला त्याला मीच शिकवलं.

त्याचा आठवडा मला कळला तो तुकड्यातुकड्यांनी. सोमवार सुट्टीचा. सुट्टी म्हणजे कपडे धुणं, वाणसामान आणि केस कापणं. केस टोंगाकर कापायचा, हे मंगळवारी सांगावं लागत नसे. सोमवारी सकाळी घरी व्हिडिओ कॉल. तिकडे आयडाहोत तेव्हा रविवारची संध्याकाळ असते. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत हेही नव्हतं, आईचा आवाज ऐकायचा तो नाताळला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं. आयडाहो म्हणजे अमेरिकेचं मंचर, जिकडेतिकडे बटाटा. त्याच्या बापाचीही बटाट्याचीच शेती. आमच्याकडे पहिल्यांदा बटाटेवडा खाल्ला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

उरलेले दिवस साडेसहाला उठायचं, व्यायाम, पोथी, जपानी भाषा, आणि मग सायकल. साडेदहाला दिवा बंद. हे असं मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड. टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही, पोहणंसुद्धा नाही. पगार नाही, महिन्याचा ठरावीक खर्च तो आणि त्याच्या घरचेच भरतात. कुठे जायचं ते पंथाच्या मुख्यालयातून, सॉल्ट लेक सिटीहून आलेल्या पत्रात कळतं, आवडनिवड कुणी विचारत नाही. आणि जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा. आमच्या संसाराला एक्केचाळीस वर्षं झाली, आम्हालासुद्धा ही अट झेपली नसती.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये फुकट इंग्रजीचा वर्ग. तिथे गर्दी असते. निवृत्त कारकून, बालवाडीच्या बाई, एक दंतवैद्य. तास संपताना तो देवाचं नाव काढतो आणि सगळ्यांना एकाच वेळी शेवटची गाडी आठवते.

युटातल्या प्रोव्होमध्ये नऊ आठवडे जपानी शिकून आला होता. एकदा बागेत बाकावर एक आजी बसल्या होत्या. बसू का, असं नम्रपणे विचारायचं होतं: 'सुवात्ते मो ई देस का.' हा म्हणाला 'सावात्ते', म्हणजे हात लावू का. आजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "या वयात?" हे मला टोंगाकराने सांगितलं. वडीलधारे कानापर्यंत लाल.

महिन्याच्या पहिल्या रविवारी यांचा उपवास. दोन वेळचं जेवण नाही, पाणीही नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांना. अशाच एका रविवारी बायकोने साबुदाण्याची खिचडी पुढे केली, तीही चालेना. आमची एकादशी आणि दुप्पट खाशी. त्या दिवशी खिचडीचा घास घेताना मला थोडी लाज वाटली. पण खाल्ली.

"किती जण आले रे तुझ्या पंथात?" मी एकदा विचारलं. त्याने बोटांवर मोजलं नाही, इतिहास सांगितला. 1901 साली हेबर ग्रांट नावाचे गृहस्थ तीन साथीदार घेऊन योकोहामाला उतरले. तेवीस वर्षं खपूनही हाती फारसं लागलं नाही, म्हणून 1924 साली गाशा गुंडाळला. गुंडाळला तोही ग्रांट यांनीच, तोवर ते पंथाचे अध्यक्ष झाले होते. 1948 साली पुन्हा सुरुवात. "म्हणजे काका, न जमण्याची आमची परंपरा सव्वाशे वर्षांची आहे," तो म्हणाला आणि वडा उचलला. माझा धर्म काही बदलला नाही, पण या उत्तरानंतर त्याची शिकवणी मी न जांभई देता ऐकू लागलो.

दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा हुकूम निघतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला निदान मे महिन्यापर्यंत धाकधूक करता येते; यांना शनिवारी फोन येतो आणि बुधवारी निघायचं. ऑगस्टमध्ये त्याचा नंबर लागला. निरोपाला आला तेव्हा बायकोने डबा दिला आणि त्याचा गाल धरायला हात पुढे केला. बाईमाणसाशी फक्त हस्तांदोलन, असा त्यांचा नियम. त्याने घाईघाईने हात पुढे केला. तिने तो हात धरला, दुसरा त्याच्या वेड्यावाकड्या कापलेल्या केसांवर ठेवला आणि मराठीत म्हणाली, "जेवत जा रे वेळेवर." त्याने जपानीत 'हाइ' म्हणून मान तुकवली. जिन्यात टोंगाकर पाठ फिरवून उभा होता, तरी नजरेच्या टप्प्यात.

गुरुवारी नवा चोरो आला. वय अठरा. त्याला कोकम आवडलं नाही.