फूल दिलं, तेही आर्थरला

पुण्याच्या एका इंजिनिअरने लग्नाच्या ॲपवर स्वतःची ओळख तीन शब्दांत दिली होती : ‘धावपटू. पहाटे उठतो.’ फोटो चार, चारही पदकासकट. कॉफी पिता पिता एका मुलीने विचारलं, “धावत नसता तेव्हा काय करता?”

“विश्रांती. प्लॅनमध्येच असते.”

नऊ वाजता त्याला जांभई आली आणि बोलणी तिथेच राहिली. पुढच्या महिन्यात तो दक्षिण आफ्रिकेत ‘कॉम्रेड्स’ धावायला गेला.

डर्बन ते पीटरमारित्झबर्ग, ८५ ते ९० किलोमीटर. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅपहॅमने युद्धात कामी आलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ १९२१ साली ही शर्यत सुरू केली. तेव्हा ३४ जण सुटले, १६ पोचले. दिशा आलटूनपालटून बदलते. इंजिनिअरच्या वाट्याला चढ आला. याच पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनवर १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवलं होतं. हा गडी स्वखर्चाने, गाडीत न बसताच तिकडे निघाला.

डर्बनच्या सिटी हॉलसमोर काळोखात ‘शोशोलोझा’ हे गाणं झालं आणि कोंबडा आरवला. कोंबडा ध्वनिमुद्रित, शिवाय मूळचा माणूस. १९४८ साली मॅक्स ट्रिम्बॉर्न नावाच्या धावपटूने सुटताना बांग दिली, ती आजतागायत चालू आहे.

छातीवरच्या क्रमांकासोबत नावही छापलेलं असतं. रस्त्याकडेला मांस भाजत बसलेली कुटुंबं ते वाचून ओरडत होती. उच्चार त्याच्या आईलाही ओळखू आला नसता; पण इतक्या अनोळखी लोकांनी त्याला नावाने हाक मारली नव्हती, ॲपवर तर नाहीच.

काउइज, फील्ड्स आणि बोथाज या टेकड्यांनी गुडघे सैल केल्यावर, अर्ध्या वाटेच्या सुमारास ‘आर्थर्स सीट’ लागलं. पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन इथे टेकायचा म्हणे. दगडातल्या त्या कोनाड्यात फूल ठेवून ‘गुड मॉर्निंग, आर्थर’ म्हटलं की पुढची वाट सुखाची जाते, अशी श्रद्धा आहे. इंजिनिअरने फूल ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी फूल दिलं, तेही कधीच निवर्तलेल्या इंग्रजाला.

आर्थरने काही लक्ष घातलं नाही. इंचांगाची टेकडी त्याने चालत काढली, शेवटची पॉली शॉर्ट्स तर जवळजवळ रांगत.

इथे बारा तास म्हणजे बारा तास. वेळ संपताना अधिकारी धावपटूंकडे पाठ करून पिस्तूल झाडतो, म्हणजे दया यायला नको. त्यानंतर एक पाऊल उशीर झाला तरी पदक नाही. इंजिनिअर ११ तास ५२ मिनिटांत पोचला आणि विक क्लॅपहॅमच्याच नावाचं पदक गळ्यात पडलं.

हॉटेलात त्याने पदकाचा फोटो त्या मुलीला पाठवला आणि सोबत फ्रान्सिस हेवर्डची गोष्टही लिहिली. बाई म्हणून १९२३ साली तिचा अर्ज नाकारला गेला, तरी ती ११ तास ३५ मिनिटांत धावून पोचली. पदक दिलं नाही म्हणून धावपटूंनी आणि प्रेक्षकांनी मिळून तिला चांदीचा टी-सेट भेट दिला.

मुलीचं उत्तर आलं : “म्हणजे तुमच्यापेक्षा १७ मिनिटं आधी. चहाला कधी भेटायचं?”

त्याने संध्याकाळी सातची वेळ कळवली. दुसऱ्या दिवशी पहाटे धावायचं नव्हतं.