खाड्याचं गणित

काळ-काम-वेगाचं गणित शाळेतल्या पोरांना पाठ असतं. एक मजूर बारा दिवसांत काम करतो, दुसरा पंधरा दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत करतील? बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडच्या वर्गांतही हेच गणित सुटतं. तिथे बाकावर बसलेल्या कितीतरी पोरांचे आईबाप मिळून ऊसतोडीचा एक 'कोयता' होतात. त्यांच्या घरचं गणित मात्र फळ्यावर येत नाही.

ते मांडून बघू. एका कोयत्याने मुकादमाकडून एक लाख रुपये आगाऊ उचल घेतली. दिवसाला दोन टन ऊस तुटतो, टनाला 366 रुपये. हंगामात गैरहजेरीचे चार खाडे पडले, खाड्यामागे 500 रुपये कापले. उचल किती दिवसांत फिटेल? उत्तर येतं 140 दिवस. म्हणजे 140 दिवस फडात राबायचं, आणि तेवढे दिवस कोपीत चूल पेटलीच नाही असं धरायचं. कारण आठवड्याची खर्ची घेतली की तीही उचलीतच चढते. 2024-25चा गाळप हंगाम तर बहुतेक ठिकाणी याच्या कितीतरी आधी आटोपला. तोडणीच्या दरात जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली, त्यानंतरचा हा हिशेब आहे.

आता यातला खाडा घ्या. पाळीच्या दिवसांत बाईच्या पोटात कळा येतात, मोळी उचलवत नाही, ती फडात जात नाही. तो खाडा. बीडमध्ये या प्रश्नाला उत्तर सापडलं होतं, आणि ते शिकलेल्या माणसांनी काढलं होतं: पिशवीच काढून टाका. 2019 मध्ये आरोग्य खात्याने जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा बायकांमागे एक. पाळी नाही, खाडा नाही, दंड नाही. प्रश्न सुटला. त्या बाईची कंबर पस्तिशीतच मोडली, हाडं ठणकायला लागली, ते कुणाच्या हिशेबात नव्हतं.

त्याच्या आठ वर्षं आधीची गोष्ट. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या 894 होत्या. 'मुलगी नको' हाही एका घराचा प्रश्नच होता, आणि तोही हुशार हातांनीच सोडवला. सोनोग्राफीचं मशीन काही दहावी नापास पोरांनी चालवलं नाही.

म्हणून मुलांना जगातले प्रश्न सोडवायला शिकवा, एवढंच कुणी म्हणालं की मला धास्ती वाटते. प्रश्न सोडवणारे आपल्याकडे कमी नव्हते. उत्तराची किंमत कुणाच्या अंगावर पडणार, हे विचारायला त्यांना कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

हे शिकवण्याची सुरुवात याच जिल्ह्यात झाली होती, हे बीडच्या माणसांनीही विसरू नये. सामाजिक कार्यकर्ते शांतिलाल मुथ्था यांनी 2009 मध्ये इथल्या 500 जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं. राज्यघटनेतली न्याय, समता, बंधुता ही मूल्यं पाठांतराने नव्हे, तर जोडीने बसून, गटात बोलून, खेळून मुलांच्या अंगी उतरवायची. पुढे सरकारने हा उपक्रम राज्यभर नेला. मला यातली जोडीची चर्चा सगळ्यात मोलाची वाटते. सहा-सात वर्षांचं पोर शेजारच्याचं पूर्ण ऐकून घेतं, मग त्याचं म्हणणं वर्गाला सांगतं. ज्या जिल्ह्यात 2025 मध्ये जात कळू नये म्हणून पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव उतरवावं लागलं, तिथे वेगळ्या आडनावाच्या पोराचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगणं, हा शिक्षणातला छोटा भाग नाही.

पण ही मूल्यं लहान वर्गांत शिकायची आणि दहावी-नीटच्या शिकवण्या लागल्या की गुंडाळून ठेवायची, हे चालणार नाही. त्यांना गणिताच्या तासाला, विज्ञानाच्या तासाला यावं लागेल. वरचं उचलीचं गणित सातवीच्या फळ्यावर आलं पाहिजे. त्यात मुकादमाचीही बाजू मांडा: त्यानेही कारखान्याकडून पैसे उचललेले असतात, टोळी पळाली की त्याच्या दारात वसुली येते. दंड कुणी ठरवला, कुठे लिहिलाय, बाईचा खाडा आणि गड्याचा खाडा सारखाच मोजायचा का, यावर पोरांना भांडू द्या.

मात्र मास्तरांनी एक पथ्य पाळावं. 'कुणाकुणाच्या घरी उचल आहे, हात वर करा' असं विचारू नये. नाव नाही, गाव नाही, कुणाच्या आईचं दुखणं वर्गात उघडं करायचं नाही. मागच्या बाकावरचं पोर मान खाली घालून बसलं असेल, तर त्याला बोलतं करायला जाऊ नये. दया दाखवली की ते पोर उद्या शाळेत येत नाही. हे इथल्या चांगल्या मास्तरांना सांगावं लागत नाही, कारण त्यांतले बरेच जण स्वतः कोपीत वाढलेत, वाढ्यांच्या भाऱ्यावर झोपलेत.

दिवाळी सरली की बालाघाटाच्या डोंगरातले तांडे आणि वाड्या ऊसतोडीसाठी रिकाम्या होतात. ज्या पोरांना हंगामी वसतिगृहाचा आधार मिळतो, ती आजीजवळ मागे राहतात आणि जेवायला वसतिगृहात जातात. रात्री आजीच्या फोनवर आईचा आवाज येतो. 'जेवलीस का गं?' एवढंच ती दमलेल्या आवाजात विचारते. हे गणित वर्गात मांडलेली पोरगी जेवले म्हणेल, आणि मग तीही विचारेल: 'आई, आज किती टन झाला? मुकादमानं वहीत किती लिहिला? आणि तुझं पोट दुखत होतं, ते थांबलं का? डॉक्टरनं काही काढायचं म्हटलं तर आधी मला सांग.'