लेट ऑफ, टेक अप

इंग्रजी क्रियापदाच्या शेपटाला 'अप', 'ऑफ', 'आउट' असलं काही चिकटलं की ते ओळख दाखवेनासं होतं. परक्यांना या जोड्या सर्वांत जड जातात, हे डॉ. जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापून आलं ते मात्र १९२५ साली. दुखणं आधी, बारसं मागाहून.

भिवंडीत हा प्रकार फार जुना आणि फार सोपा आहे, कारण तो यंत्रमागावर चालतो. मागच्या बीमवरचं उभं सूत हळूहळू सोडायचं, तो 'लेट ऑफ'. विणून झालेलं कापड पुढे रुळावर गुंडाळून घ्यायचं, तो 'टेक अप'. मधल्या मध्ये फणी प्रत्येक आडवा धागा ठोकून बसवते, तो 'बीट अप'. शाळेच्या यादीत हेच शब्द गुन्हेगाराला सोडून देणं, छंद धरणं आणि बेदम बदडणं अशा अर्थांनी येतात. 'लेट ऑफ बिघडलंय' हे कानावर पडलं, तर नव्या माणसाला वाटावं, इथे सुट्टी उशिरा होते!

साध्या मागावर बीमला साखळी गुंडाळून वजनं टांगलेली असतात. सूत संपत येऊन बीम बारीक झाला की ताण वाढतो, म्हणून वजन कमी करावं लागतं. टेक अप घाईत चाललं तर कापड झिरझिरीत निघतं. एवढं डोळ्यांनी दिसल्यावर व्याकरण कशाला हवं?

'पिकअप'ने तर क्रियापदाची नोकरीच सोडली आहे. अंजूरफाट्याला तो चार चाकांवर, तागे लादून, तासन्‌तास जागचा न हलता उभा असतो.

इंग्रजांना हसण्याआधी आपलंही घर बघावं. 'करून ठेव' ही आज्ञा, 'करून दाखव' हे आव्हान, 'करून टाक' ही कटकट, 'करून बसलास' ही बोंब. आणि 'काय करून ठेवलंस!' यात तर ठेवण्याजोगं काहीच नसतं. गोऱ्या साहेबाने मराठी शिकताना इथे नक्कीच डोकं धरलं असेल.

तेव्हा भिवंडीतल्या इंग्रजीच्या मास्तरांना एवढीच विनंती: यादी घोकून घेण्याआधी वर्ग एकदा मागावर न्या. शिकवणं मात्र खुणांनीच करावं लागेल. त्या खडखडाटात 'अप' आणि 'ऑफ' कुणालाही वेगळे ऐकू येत नाहीत.