काकू देवघरात, काकू देवाघरी

आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात पहिल्या बाकावर एक काकू बसतात. वही दोनशे पानी, नजर भाजीवाल्याचा काटा तपासणारी. मी फळ्यावर 'चिकन लेग' लिहिलं तशा म्हणाल्या, "सर, कोंबडीचा ना? मग 'चा' कुठं गेला?"

या 'चा'नं आपल्याला फार लाडावून ठेवलंय. बायकोचा राग, चहाचा कप, सोन्याची बांगडी, नागपूरची संत्री, उद्याची सुट्टी... मालक, माल, गाव, वार, सगळं एकाच प्रत्ययाच्या पदरात. इंग्रजी एवढं लेकुरवाळं नाही. मालक दाखवायचा तर नामाला अपॉस्ट्रॉफी आणि 'एस'चं शेपूट. नुसता प्रकार सांगायचा तर दोन नामं शेजारी शेजारी, बिनशेपटीची. म्हणून चपलांचं दुकान 'शू शॉप'. तिथं शेपूट लावलं तर गल्ल्यावर बूट येऊन बसेल.

"'चिकन्स लेग' म्हणजे कोंबडी अजून त्या पायावर उभी आहे," मी समजावलं. "'चिकन लेग' म्हणजे रस्सा तयार आहे."

"म्हणजे एक पाय आणि एक तंगडी," काकू म्हणाल्या. मी यावर दोन तास घालवले होते.

मागच्या बाकावरून शंका आली, "कोपऱ्यावर 'लेडीज टेलर' लिहिलंय, आत तर मिशीवाले काका असतात!" लेडीजच्या 'एस'नंतर अपॉस्ट्रॉफी हवी, ती पेंटरनं खाल्ली, असं मी सांगितलं. मग तोंडातून निघून गेलं, की लंडनच्या भुयारी रेल्वेतही 'अर्ल्स कोर्ट'ला अपॉस्ट्रॉफी आहे आणि पिकॅडिली लाइनवर त्याच्या पुढच्याच 'बॅरन्स कोर्ट'ला नाही. "सातबाऱ्यावर एकाचंच नाव चढलं असणार," कुणीतरी निकाल दिला.

"पण सर, एवढ्याशा खुणेनं बिघडतं काय?"

मी खडू शोधेपर्यंत काकूच वळल्या. "परवा सूनबाईनं ग्रुपवर टाकलं, 'आई देवाघरी आहेत, नंतर फोन करा.' मी आपली देवघरात जप करत होते. बाहेर येते तो अकरा जणांनी हात जोडलेले आणि नागपूरच्या नणंदेनं तिकीट काढलेलं! एक काना जास्त पडला, बाळा. देवघर आमच्या मालकीचं. देवाघर त्याच्या."

माझ्या हातातला खडू हातातच राहिला. तीन आठवडे मी जे शिकवत होतो, ते या बाईंनी एका कान्यात बसवलं.

"मग नणंद आल्या?"

"न येऊन काय करते? तिकीट परत होत नव्हतं."

त्या दिवशी 'वाक्यात उपयोग करा'खाली काकूंनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'माय सिस्टर-इन-लॉज बॅग इज स्टिल इन माय हाउस.' अपॉस्ट्रॉफी अगदी जागेवर होती. 'स्टिल'खाली मात्र दोन रेघा ओढल्या होत्या.