लोकर संपलेली नाही : नवशिक्यांसाठी उघड्या खांद्यांचा स्वेटर

साहित्य : मध्यम जाडीची लोकर, साधारण ४०० ग्रॅम. आठ आणि दहा नंबरच्या सुया (नंबर वाढला की सुई बारीक होते, यावर वाद घालू नये). मोजपट्टी, बारीक इलॅस्टिक आणि जाड कातडी. शेवटची वस्तू दुकानात मिळत नाही.

लोकर नगरच्या कापड बाजारात मिळते. ‘लोकर’ म्हणून देतात ती बहुधा ॲक्रिलिक असते. ती मुकाट्याने घ्यावी. स्वदेशीच्या उत्साहात आपल्या जिल्ह्यातल्या दख्खनी मेंढीची लोकर वापरायचा विचार असेल, तर ती आधी गळ्याभोवती पाच मिनिटं धरून बघा. ती घोंगडीसाठी जन्माला आली आहे. शिवाय घोंगडी खांद्यावर टाकतात. लोकरीने सगळं अंग झाकून नेमका खांदा उघडा ठेवायचा, हे इथल्या कुठल्याच धनगराला पटणार नाही.

पण नगरशेजारच्या आमच्या भिंगारची हवा आपल्या बाजूने आहे. जानेवारीत पहाटे दात वाजतात आणि दुपारी स्वेटर खुर्चीच्या पाठीवर जातो. म्हणजे अर्धाच दिवस थंडी असेल, तर स्वेटरही थोडा अर्धवट असायला काय हरकत आहे? हा मुद्दा पाठ करून ठेवा, पुढे लागेल.

सुरुवात टोपीपासून करावी असं अनुभवी लोक सांगतात. औरंगजेब १७०७ मध्ये इथेच भिंगारला वारला, आणि स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या पैशांतून त्याने कफनाची सोय करून ठेवली होती, असं म्हणतात. एवढी बादशाही हाताशी असून तो माणूस टोपीच्या पुढे गेला नाही. तुम्ही एकदम स्वेटरला हात घालताय. शुभेच्छा.

माप : इथे घाई केलीत तर पुढचं सगळं व्यर्थ. साधा स्वेटर खांद्यांना लटकलेला असतो. आपण खांदेच काढून टाकतोय, तेव्हा सगळा भार गळ्याच्या पट्टीवर येतो. म्हणून हात खाली सोडून, खांद्याच्या जरा खालून, दोन्ही दंडांसकट मोजपट्टी फिरवा. समजा १०० सेंटीमीटर आले. पट्टी घट्ट बसायला हवी, म्हणून त्यातले १० कमी करा. आता नमुन्याचा चौकोन विणून टाके मोजा. (नवशिके हा चौकोन विणत नाहीत. त्यांचे स्वेटर पुढे गादीच्या उशाला जातात.) १० सेंटीमीटरला २२ टाके बसत असतील, तर ९० ला १९८. पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी असते आणि १९८ ला चाराने भाग जात नाही, म्हणून २०० धरा : पुढे ७०, मागे ७०, बाह्यांना ३०-३०.

कृती : पुढचा-मागचा भाग सारखाच. बगलेपर्यंत सरळ विणत जा. टीव्ही बघत जमतं. बगलेपासून रॅगलन, म्हणजे गळ्याकडे तिरकी जाणारी शिवण. दर सुलट ओळीला दोन्ही कडांना दोन-दोन टाके एकत्र विणून घटवा, बाह्याही तशाच. हे नाव लॉर्ड रॅगलनचं. त्याचा हात वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. त्याच्याच हाताखाली क्रिमियात घोडदळ घेऊन १८५४ मध्ये बालाक्लाव्हाला तोफांवर धावून गेला तो लॉर्ड कार्डिगन. बाही, बटणांचा स्वेटर आणि माकडटोपी या तिन्हींची इंग्रजी नावं एकाच युद्धातून आली. रणगाड्यांचं संग्रहालय शेजारी असलेल्या गावात हे विणताना संकोचाचं कारण नाही.

शेवटी सगळे टाके बारीक सुईवर घेऊन पट्टी दुप्पट रुंद विणा, आत दुमडून शिवा आणि मधून इलॅस्टिक ओवा. इलॅस्टिकला कमीपणा मानू नका. तेच नसलं तर बसथांब्यावर हात वर केलात की स्वेटर छातीशी येईल.

टाका गळाला तर कॅम्पात नवऱ्याच्या पोस्टिंगबरोबर आलेल्या, उन्हात बसून न बघता विणणाऱ्या एखाद्या हिमाचली काकू शोधा. त्या क्षणात उचलून देतील, आणि मग गळ्याकडे बघून विचारतील, “बेटा, ऊन खतम हो गयी?”

हा प्रश्न सगळेच विचारतात. आजी हळूच विचारते, “किती लोकर कमी पडली गं? मी आणते.” मावशी ब्लाउजपीस पुढे करते. त्यांना बार्दो नावाच्या फ्रेंच नटीने हा गळा गाजवला वगैरे सांगू नये, “तिच्या आईनं काही म्हटलं नाही?” एवढंच ऐकावं लागतं. हवामानाचा मुद्दा काढावा.

धुतल्यावर दोरीवर टांगू नका, खाटेवर आडवा पसरून वाळवा. आणि उरलेल्या लोकरीचे दोन खांदे वेगळे विणून, बटणं लावून ठेवा. लग्नकार्यात लावता येतात.